रक्तातलं म्हणे

माझी पहिली मुलगी सातव्या महिन्यात झाली आणि आठवडाही राहिली नाही. तळहातावर मावेल एवढी होती. तिला घेऊन घाटरस्त्याने मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिचा रंग बदलला होता, आणि तिथल्या काचेच्या पेटीत ती जेवढी राहिली तेवढंच तिचं आयुष्य.

मी घरी परतले तेव्हा दूध आलं होतं. ते आटावं म्हणून सासूबाईंनी माझ्या छातीला मोगऱ्याच्या कळ्या बांधल्या. मी आतल्या खोलीत पडलेली आणि बाहेर पडवीत माझी आई आणि सासूबाई समोरासमोर बसलेल्या. माझं लग्न झाल्यापासून त्या दोघी पहिल्यांदाच एका जागी इतका वेळ बसल्या होत्या.

इथे आधी सांगायला हवं की मी कुणब्याची. आमचं गाव बोर्ली पंचतनच्या आतल्या अंगाला, भातशेतीचं. नवरा किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातला, त्याच्या घरची होडी. आम्ही श्रीवर्धनला कॉलेजात भेटलो आणि दोन्ही घरांना नको असताना लग्न केलं. माझे वडील लग्नाला आले नाहीत. सासूबाई आल्या, पण साऱ्या विधींत तोंड मिटून उभ्या होत्या.

तर त्या दिवशी पडवीत आई म्हणाली, "आमच्या घराण्यात असं कधी झालं नाय. पुऱ्या दिवसांची पोरं होतात आमच्याकडं. कोळ्याच्या रक्ताला आमचं रक्त मानवलं नाय."

सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डोंगराकडची पोर. खाऱ्या वाऱ्याचं अंग न्हाय तिचं. दर्याकाठची असती तर टिकलं असतं."

मी कूस बदलली. माझी मुलगी गेली होती आणि बाहेर तिची वाटणी चालली होती, तिचं मरण कुणाच्या वाट्याला जातं याची. लग्नाच्या दिवशी जमलं नाही ते त्या दिवशी जमलं. दोन्ही घरांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की दोष रक्ताचा. फक्त कुणाच्या, एवढंच ठरत नव्हतं.

त्या सात महिन्यांत मी काय काय केलं हे दोघींपैकी कुणी काढलं नाही. मी पहाटे धक्क्यावर जायचे. लिलाव झाला की मावरं, म्हणजे मासे, बर्फात घालून पाटी भरायची, दोन बायकांनी ती धरून माझ्या डोक्यावर चढवायची, आणि मी धक्क्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत चढ चढायचे. बर्फाचं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. मग मिनीडोर रिक्षाने बोर्लीच्या बाजारात, तिथे उकिडवं बसून विक्री. दुपारी घरी आलं की बोंबील उलटायचे, जवळा पसरायचा, वाकून, उन्हात. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. वाड्यातली प्रत्येक बाई पोटुशी असताना हेच करत आली होती. कुणब्याची पोर हे करू शकते, हे मला सगळ्यांना दाखवायचं होतं आणि मी ते दाखवलंही होतं.

दोनेक वर्षांनी मला परत दिवस गेले. या वेळी नवरा अडून बसला. "खाडीपलीकडच्या डॉक्टरीणबाईंकडं जायचं. तिथं काचेच्या पेट्या हायत." मला ते ऐकून कसंतरी झालं, पण तो बरोबर बोलत होता. दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरायचं आणि पुढे गाडीने बराच वेळ. लांब होतं, पण घाटापेक्षा बरं.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, भराभर बोलणाऱ्या. पहिली हकीकत ऐकून त्यांनी तिसऱ्या महिन्यातच रक्त तपासायला सांगितलं. सोनोग्राफी आणि त्याच्यासोबत रक्त. लॅबमधल्या बाई कॉम्प्युटरमध्ये माझी माहिती भरत होत्या. वय विचारलं, वजन विचारलं, आधीचं बाळंतपण विचारलं. मग म्हणाल्या, "आता एथ्निसिटी. वंश हो. साउथ एशियन टाकते."

"ते कशाला लागतं?" मी विचारलं.

"या द्रव्यांचं रक्तातलं प्रमाण वेगवेगळ्या वंशांच्या बायकांत थोडं कमीजास्त असतं. म्हणून मशीन त्याप्रमाणे हिशेब करतं. आफ्रिकन वेगळं, गोऱ्या बायकांचं वेगळं, आपलं वेगळं."

नवरा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "म्हणजे आपण दोघं एकाच खान्यात? तुझ्या आयशीला आणि माझ्या आयशीला आणून दाखवायला पायजे हे."

त्या बाईही हसल्या. मला त्या दिवशी हसू आलं हे मला नीट आठवतं, कारण त्यानंतर बराच काळ ते आलं नाही.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं. "आपण दोन गोष्टी मोजल्या. एक हार्मोन आहे आणि दुसरं एक प्रथिन, दोन्ही वारेतून, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटातून, रक्तात येतात. बाळात जन्मजात दोषाची शंका वाटावी असं यात काही नाही, ते मनातून काढून टाक. पण ते प्रथिन कमी आलंय. कमी असलं की आम्हांला वाटतं, वार हवी तशी रुजली नसेल. अशा बायकांत वेळेआधी बाळंत होणं, बाळ लहान राहणं, बीपी वाढणं, हे जास्त दिसतं. सगळ्यांत नाही, पण जास्त."

"म्हणजे हेही लवकर होईल?"

"होईल असं नाही म्हणत मी. होऊ शकतं." त्यांनी कागद बाजूला ठेवला. "एक तर तुझं पहिलं सातव्यात झालेलं. आणि तुमच्या कोळीवाड्यांतल्या बायका मी इतकी वर्षं बघते आहे. बऱ्याच जणी लवकर होतात. काही समाजांत असतंच ते."

मला वाटलं, मी परत पडवीच्या आत पडले आहे आणि कुणीतरी बाहेर बोलतंय. फरक एवढाच, की या वेळी मी पडलेली नव्हते. खुर्चीत बसले होते.

"मॅडम, मी कोळीण नाही," मी म्हणाले. "मी कुणब्याची आहे. लग्न करून गेले तिथे. माझी आई सहा वेळा बाळंत झाली, एकही लवकर नाही. मी माहेरात असते तर तुम्ही म्हणाला असता, काळजी करू नकोस, तुमच्यात असं होत नाही. मग लग्नात माझं रक्त बदललं का?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर बायकांची रांग होती आणि डॉक्टरीणबाईंना घाई होती हे दिसत होतं.

"मी तसं म्हणाले नाही," त्या म्हणाल्या.

"तसंच म्हणालात. माझ्या दोन्ही घरांत हेच म्हणतात. तुमच्याकडे मशीन आहे, म्हणून मी खाडी ओलांडून आले."

नवऱ्याने माझ्या कोपराला हात लावला. मी तो बाजूला केला. डॉक्टरीणबाईंना राग आला होता, पण त्यांनी तो गिळला. म्हणाल्या, "बरं. मग तू सांग. काम काय करतेस?"

मी सांगितलं. पाटी किती जड, चढ कसा, बोंबील कसे वाळवतात, उन्हात किती वेळ जातो, पाणी प्यायला मिळतं का, लघवीला जायला बाजारात जागा आहे का. अशी जागा नव्हती, म्हणून बाजारात आम्ही कुणीच पाणी पीत नव्हतो. त्या ऐकत होत्या. मध्येच त्यांनी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"एक खरं सांगते," त्या म्हणाल्या. "वंशावंशांत फरक दिसतो, हे खरं आहे. तो का दिसतो, हे मला माहीत नाही, आणि ज्यांनी त्यावर आयुष्य घालवलं त्यांच्यातही वाद आहेत. त्यात काही भाग शरीराचा असेल. काही कामाचा, खाण्याचा, उन्हाचा असेल. मी तुझ्या वारेला बदलू शकत नाही. बाकीचं तू बदलू शकतेस का?"

"बदलते," मी म्हणाले.

त्यांनी गोळ्या दिल्या, दर थोड्या दिवसांनी यायला सांगितलं आणि वजन उचलणं पूर्ण बंद केलं. फेरीबोटीवर नवरा म्हणाला, "डॉक्टरला असं बोलतात का?" मी म्हणाले, "बोललं तर चालतं, बघितलंस ना." पण रिपोर्टमधला तो कमी आलेला आकडा माझ्या पोटात होता, आणि कितीही भांडले तरी तो वाढणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी धक्क्यावर गेले नाही. सासूबाई तयार होऊन चुंबळ हातात घेऊन उभ्या राहिल्या. "चल."

"मी पाटी उचलणार नाही, आये. बाळ होईपर्यंत नाही. उन्हातलं कामही नाही. घरातलं सगळं करीन, स्वयंपाक, धुणं, हिशोब, जे बसून होईल ते."

"मी पाच पोटं याच कामावर काढली."

"पाचही जगली?"

त्या चुंबळ पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन आली लवकर. मधली दोन. तेव्हा कोण डॉक्टर होता? बांधली फडक्यात आणि नेली."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं, तो दारात उभा राहून आईकडे बघत राहिला.

"तुम्ही तर दर्याकाठच्याच," मी म्हणाले. "मग ती दोन कुणाच्या रक्तामुळं गेली?"

त्यांनी चुंबळ डोक्यावर ठेवली आणि एकट्या धक्क्यावर गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्यात फक्त "भात वाढ" आणि "दार लाव" एवढंच बोलणं होतं.

मला वाटलं होतं, काम न करणं सोपं असेल. ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत कठीण काम निघालं. कोळीवाड्यात दुपारी बसलेली बाई दिसत नाही. आजारी असेल तर आत पडलेली असते, म्हातारी असेल तर जाळं विणत असते. मी धडधाकट, ओट्यावर पाय लांब करून बसलेली, आणि समोर साऱ्या जणी बोंबील टांगतायत. कुणी म्हणायची, "राणीसाहेब बसल्या." कुणी सासूबाईंना ऐकू जाईल असं म्हणायची, "कुणब्याची पोर घेतली, आता तिला पाटावर बसवून पूजा." मला आत जाता आलं असतं. मी गेले नाही. लपून बसले तर ते चोरून केल्यासारखं होतं, आणि मी काही चोरत नव्हते.

माहेरून निरोप आला, बाळंतपणाला आत्ताच ये. आई स्वतः न्यायला आली. "तिकडं सावली हाय, विहीर हाय, तुझ्या वयन्या करतील सगळं. इथं राहिलीस तर हेही जाईल."

आईला माझी काळजी होती, त्यात खोट नव्हती. पण मी गेले असते तर ती गावभर सांगणार होती, कोळ्याच्या घरातून काढून आणली म्हणून पोर वाचली. मी म्हणाले, "आई, मूल याच घरात वाढवायचंय मला. ते टिकायचं तर इथंच टिकलं पाहिजे."

"हट्टाला पेटलीस."

"व्हय," मी म्हणाले, कोळ्यांच्या हेलात. आई उठून मिनीडोर धरायला निघाली. तिने आणलेले तांदूळ मात्र ठेवून गेली.

आता पाटी कोण उचलणार, हा प्रश्न होता. सासूबाई एकट्याने दोन खेपा करत होत्या. मग एके सकाळी समुद्रावरून आलेला माझा नवरा, अंगावर खारं पाणी तसंच असताना, बायकांच्या रांगेत जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चढवा." आमच्याकडे पुरुष मासे पकडतो. डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला जाणारी बाई असते. धक्क्यावरचे सगळे त्याच्याकडे बघत होते. एकाने विचारलं, "लुगडं कधी नेसतोस?" तो म्हणाला, "तुझी बायको देईल तेव्हा," आणि चढ चढून गेला. हे मला दुसऱ्यांनी सांगितलं. तो स्वतः एवढंच म्हणाला, की बर्फाचं पाणी पाठीत गेलं की जीव जातो.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत दिसलं, की पिशवीचं तोंड आखूड होत चाललंय. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या हार्मोनच्या कॅप्सूल सुरू केल्या, रोज आत ठेवायच्या. म्हणाल्या, "हे गर्भ धरून ठेवायला मदत करतं. किती करेल ते बघू." बाळ लहान होतं, पण वाढत होतं. प्रत्येक खेपेला त्या मोजायच्या आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. आमच्यात मैत्री झाली नव्हती, पण आता त्या माझ्याशी सावकाश बोलायच्या.

आठव्या महिन्यात, मे महिन्यातल्या एका दुपारी, पोट दगडासारखं झालं. परत सैल, परत दगड. नवरा समुद्रात होता. मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी पोटावर हात ठेवला, तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने चपला शोधल्या. डॉक्टरीणबाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "ताबडतोब नीघ. इंजेक्शन वेळेत द्यायला हवं, बाळाच्या फुप्फुसांसाठी."

शेजाऱ्याच्या रिक्षाने दिघीच्या धक्क्यावर आलो तर सुट्टीवर आलेल्यांच्या गाड्यांची रांग पार वळणापर्यंत लागलेली. फेरीबोट लागली होती आणि गाड्या चढत होत्या. रिक्षावाला रांगेत उभा राहिला, कारण पुढे जायला जागाच नव्हती. मी खाली उतरले. एका हाताने पोट धरून चालत पुढे गेले आणि चढणाऱ्या गाडीच्या काचेवर टकटक केलं.

"तुमच्याऐवजी मी जाणार," मी म्हणाले. "माझं बाळ लवकर येतंय."

गाडीतला गृहस्थ वाईट नव्हता, गोंधळला होता. "अहो, आम्ही सकाळपासून उभे आहोत. मागे विचारा ना कुणाला."

तेवढ्यात सासूबाई मला ओलांडून पुढे गेल्या आणि बोटीच्या फळीवर, बरोबर मधोमध, मांडी घालून बसल्या. बोटीवरचा माणूस ओरडला, आजी उठा. त्या उठल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. "माझी दोन अशीच गेली," त्या म्हणाल्या. "हिची एक गेली. आता ही रिक्षा चढंल, मग मी उठंन."

धक्क्यावर सगळं थांबलं. मग रांगेतल्या गाड्या एकेक करून कडेला सरकल्या आणि आमची रिक्षा पुढे आली. गाडीतल्या त्या गृहस्थाने स्वतः उतरून मागच्यांना हात केले. खाडी ओलांडताना सासूबाई माझ्या शेजारी बसून होत्या, आणि माझं पोट दगड झालं की त्या माझ्या मनगटाला घट्ट धरायच्या.

इंजेक्शनं मिळाली. कळा थांबवायचं औषधही दिलं, आणि त्या थांबल्याही. "दोन दिवस मिळाले तरी पुष्कळ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आठवड्याहून जास्त मिळाले. मी तिथेच पडून राहिले आणि मग मुलगी झाली. लवकरच झाली, लहानच झाली, पण रडली. मला दुसरं काहीच ऐकायचं नव्हतं.

ती पेटीत होती तेव्हा मी रोज तिच्याजवळ बसायचे. थोडी सावरल्यावर नर्सने तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, कातडीला कातडी, वरून चादर. माझी आई आली तेव्हा मी तशीच बसले होते. मी जेवायला गेले की सासूबाई ती चादर पांघरून तिला छातीशी घ्यायच्या. मग आई म्हणाली, आता मी. दोघी आळीपाळीने बसू लागल्या. बोलायच्या कमी.

घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या रिपोर्टचं खरं ठरलं बघ. लवकरच आली."

"आली," मी म्हणाले. "पण आली. पहिलीही आली होती, मॅडम. ती राहिली नाही, ही राहिली. रक्त तर तेच आहे ना?"

त्यांनी मुलीचं वजन परत एकदा काट्यावर पाहिलं. "औषधांचा भाग आहे त्यात," त्या म्हणाल्या. "इंजेक्शनचा आहे. तुझ्या विश्रांतीचा किती, ते मी सांगू शकणार नाही."

"नका सांगू. पण पुढची कोळीण येईल तेव्हा तिला 'तुमच्यात असतंच' असं म्हणू नका. आधी काम विचारा."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. पण पुढच्या पावसाळ्यानंतर वाड्यातली एक सून त्यांच्याकडे जाऊन आली आणि सांगत होती, की बाईंनी पहिल्यांदा विचारलं, पाटी किती जड असते.

मुलगी वर्षाची झाल्यावर मी परत धक्क्यावर गेले. वाड्यात काहींना वाटलं होतं, आता ही बसायलाच शिकली. माझ्या आईलाही वाटलं होतं, की आता मी हे सोडीन. पण काम मला नकोसं कधीच झालं नव्हतं. मला बाजार आवडतो. गिऱ्हाईक ओळखणं आवडतं, घासाघीस आवडते, संध्याकाळी रिकामी पाटी घेऊन मिनीडोरमध्ये मागे बसणं आवडतं. मी फक्त एवढंच म्हणाले होते, की पोटात मूल असताना नाही, आणि त्यासाठी कुणाच्या रक्ताचा दाखला नको.

पहिल्या दिवशी धक्क्यावरच्या दोघींनी पाटी धरून माझ्या डोक्यावर चढवली. मान थोडी करकरली. चढावर दम लागला, तेव्हा मी थांबले, श्वास घेतला आणि परत चालू लागले. बाजारात पोचले तर माझी नेहमीची जागा दुसरीने घेतलेली. मी पाटी तिच्या शेजारी टेकवली आणि म्हणाले, "सरक जरा."

ती सरकली.